शस्त्रक्रिया की स्टेंट? : हिशेब कोणाच्या हाती?

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मानेतील दोन मोठ्या धमन्यांना वैद्यकशास्त्रात कॅरॉटिड धमन्या म्हणतात. वाढते वय, तंबाखू, उच्च रक्तदाब आणि मधुमेह यांच्या परिणामाने या धमन्यांच्या आतील भिंतीवर मेदाचे थर साचत जातात व रक्ताचा मार्ग अरुंद होतो. त्या थराचा एखादा कण सुटून, किंवा त्यावर जमलेली गुठळी वाहत जाऊन मेंदूतील बारीक वाहिनीत अडकली, की माणसाचे अर्धे अंग लुळे पडते, वाचा जाते, कधी प्राणही जातो. कष्टकऱ्याच्या घरात पक्षाघात आला म्हणजे एक मिळवता हात गेला आणि त्याची शुश्रूषा करण्यासाठी दुसराही हात घरात अडकला. म्हणून हा विषय डॉक्टरांच्या परिषदांपुरता सोडून देण्याजोगा नाही.

अरुंद झालेली धमनी मोकळी करण्याचे दोन मार्ग आज उपलब्ध आहेत. पहिला जुना मार्ग म्हणजे मान उघडून, धमनीला छेद देऊन आतील थर खरवडून काढणे. या शस्त्रक्रियेला एंडआर्टरेक्टॉमी म्हणतात. दुसरा मार्ग म्हणजे जांघेतील किंवा हातातील धमनीतून बारीक नळी वर नेऊन अरुंद जागी फुगा फुगवणे आणि तेथे धातूची जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, बसवणे. पहिल्यात कापाकापी आहे, दुसऱ्यात वरवर पाहता नाही. रुग्णालयाच्या व्हरांड्यात उभ्या असलेल्या नातेवाइकांपुढे दोन्ही पर्याय ठेवले तर ते कोणता निवडतील हे सांगायला ज्योतिषी नको. परंतु छेद लहान म्हणून धोका लहान, हे अनुमान बरोबर आहे काय? आणि त्या नातेवाइकांना याचे उत्तर देणाऱ्याचा स्वतःचा हितसंबंध कोणता? या दोन प्रश्नांची उत्तरे गेल्या सत्तर वर्षांच्या इतिहासात सापडतात.

कॅरॉटिड धमनीचा रोग आणि पक्षाघात यांतील नाते १९५१ मध्ये मिलर फिशर या कॅनेडियन मज्जातंतुतज्ज्ञाने स्पष्टपणे मांडले. १९५४ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ईस्टकॉट, पिकरिंग आणि रॉब यांनी अशा धमनीवर केलेल्या यशस्वी शस्त्रक्रियेचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि एक नवे दालन उघडले. तर्क सरळ होता : नळी तुंबली आहे, ती साफ केली की पाणी वाहील. या तर्कावर विसंबून अमेरिकेत १९७१ साली सुमारे १५ हजार असलेल्या या शस्त्रक्रियांची वार्षिक संख्या १९८५ साली एक लाख सात हजारांवर गेली. चौदा वर्षांत सातपट वाढ! या संपूर्ण काळात शस्त्रक्रिया केलेले रुग्ण न केलेल्यांपेक्षा चांगले राहतात की नाही, याचा विश्वासार्ह पुरावा जवळजवळ नव्हता.

१९८८ मध्ये एका अभ्यासाने या उत्साहावर थंड पाणी ओतले. सरकारी विमा असलेल्या तेराशे वृद्ध रुग्णांच्या नोंदी तज्ज्ञांनी तपासल्या, तेव्हा केवळ ३५ टक्के शस्त्रक्रिया योग्य कारणासाठी झालेल्या आढळल्या; ३२ टक्के संशयास्पद होत्या आणि ३२ टक्के सरळसरळ अयोग्य. शिवाय जवळजवळ दहा टक्के रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरात मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आणणारा पक्षाघात आला होता. ज्या आजारापासून वाचवायचे तोच आजार उपचाराने दिला, आणि त्याचे बिलही दिले!

हे शल्यवैद्य दुष्ट होते असे मानण्याचे कारण नाही. बहुतेकांचा आपल्या कामावर प्रामाणिक विश्वास होता. प्रश्न व्यवस्थेचा होता. केनेथ अ‍ॅरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्येच दाखवून दिले होते की वैद्यकीय सेवेचा बाजार भाजीच्या बाजारासारखा चालत नाही. भाजी घेणाऱ्याला भाजी कळते. रुग्णाला उपचार कळत नाही. काय विकत घ्यायचे हे येथे विकणाराच ठरवतो. प्रत्येक शस्त्रक्रियेमागे पैसे मिळत असतील आणि परिणामांचा हिशेब कोणीच मागत नसेल, तर शस्त्रक्रियांची संख्या वाढणार हे सांगायला दुष्टपणाचे गृहीतक लागत नाही.

हिशेब मागितला तो सार्वजनिक पैशाने. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी उत्तर अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीला, तर ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने युरोपातील चाचणीला आधार दिला. रुग्णांची वाटणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केवळ योगायोगावर सोपवली गेली : काहींना औषधांसह शस्त्रक्रिया, काहींना फक्त औषधे. १९९१ मध्ये दोन्हींचे निष्कर्ष आले. ज्यांना नुकताच सौम्य पक्षाघात वा त्याची पूर्वसूचना देणारा झटका येऊन गेला आहे आणि ज्यांची धमनी ७० टक्क्यांहून अधिक अरुंद आहे, अशा रुग्णांत उत्तर अमेरिकी चाचणीने दाखवले की दोन वर्षांत औषधांच्या गटातील २६ टक्क्यांना त्या बाजूचा पक्षाघात आला. शस्त्रक्रियेच्या गटात हे प्रमाण ९ टक्के होते. याचा अर्थ दर सहा शस्त्रक्रियांमागे एक पक्षाघात टळला. हे यश मोठे आहे आणि ते निःसंकोच मान्य केले पाहिजे. नफ्याचा विरोध म्हणजे शस्त्रक्रियेचा विरोध असे समीकरण मांडणारा कार्यकर्ता रुग्णाचेच नुकसान करील.

मात्र ज्यांना कोणतेही लक्षण नाही, तपासणीत योगायोगाने अरुंद धमनी आढळली, त्यांचा हिशेब वेगळा निघाला. १९९५ आणि २००४ च्या दोन मोठ्या चाचण्यांत शस्त्रक्रियेने पाच वर्षांतील पक्षाघाताचे प्रमाण सुमारे ११ ते १२ टक्क्यांवरून ५ ते ६ टक्क्यांवर आणले. म्हणजे शंभर जणांच्या माना उघडाव्यात तेव्हा पाच वर्षांत पाच-सहा जण वाचणार. आणि तेही कुशल, पारखून घेतलेल्या शल्यवैद्यांच्या हाती. हात तितका कुशल नसेल तर हा लाभ शस्त्रक्रियेच्या मेजावरच संपतो.

या पार्श्वभूमीवर स्टेंट आला. हृदयाच्या धमन्यांत तो आधीच रुळला होता, यंत्रसामग्री तयार होती, आणि उत्पादकांना नवी बाजारपेठ हवी होती. २००४ मध्ये एका स्टेंट-उत्पादक कंपनीने पुरस्कृत केलेल्या अमेरिकी चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : शस्त्रक्रिया धोक्याची ठरेल अशा रुग्णांत स्टेंट किमान तितकाच चांगला आहे. त्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कॅरॉटिड स्टेंटला पहिली मान्यता दिली. पण निष्कर्ष कसा निघाला हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. चाचणीत फक्त ३३४ रुग्णांची वाटणी झाली होती, त्यांतील सत्तर टक्क्यांहून अधिकांना लक्षणेच नव्हती, आणि मृत्यू, पक्षाघात व हृदयविकाराचा झटका हे तिन्ही एकाच टोपलीत घालून मोजले होते. हृदयाचा झटका शस्त्रक्रियेनंतर अधिक संभवतो, म्हणून टोपलीचे एकूण वजन स्टेंटच्या बाजूने झुकले. ज्यांना लक्षणेच नाहीत आणि शस्त्रक्रियाही धोक्याची, त्यांना दोन्हींपैकी काहीही करावे काय, हा प्रश्न विचारलाच गेला नाही. औषधांचा तिसरा गट त्या चाचणीत नव्हता.

युरोपातील चाचण्यांनी निराळे चित्र दाखवले. फ्रान्समधील, सरकारी रुग्णालयीन संशोधन-निधीवर चाललेली चाचणी २००६ मध्ये वेळेआधीच थांबवावी लागली; महिन्याभरातील पक्षाघात व मृत्यू यांचे प्रमाण शस्त्रक्रियेत ३.९ टक्के, तर स्टेंटमध्ये ९.६ टक्के भरले. स्टेंटच्या समर्थकांनी आक्षेप घेतला की तेथील अनेक डॉक्टर या तंत्रात नवखे होते. आक्षेप खरा आहे. पण तो दुधारी आहे. बाजारात स्टेंट बसवणारे सगळेच मुरलेले असतात काय? त्याच वर्षीच्या जर्मन चाचणीत दोन्ही उपचार जवळजवळ बरोबरीत आले, तरी स्टेंट शस्त्रक्रियेहून वाईट नाही हे सिद्ध होऊ शकले नाही. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय चाचणीत चार महिन्यांतील पक्षाघात, मृत्यू व हृदयविकाराचा झटका यांचे एकत्रित प्रमाण स्टेंटमध्ये ८.५ टक्के, तर शस्त्रक्रियेत ५.२ टक्के आले.

त्याच २०१० मध्ये अमेरिका व कॅनडातील २,५०२ रुग्णांच्या चाचणीचा निष्कर्ष आला. तिचा बहुतांश खर्च सरकारी होता, परंतु सुमारे १५ टक्के भार स्टेंट-उत्पादकाने उचलला होता. वर्तमानपत्रांनी मथळे दिले : दोन्ही उपचार सारखेच! एकत्रित आकडा खरोखरच सारखा होता, ७.२ आणि ६.८ टक्के. टोपली उघडली की मात्र फरक दिसतो. उपचाराच्या काळातील पक्षाघात स्टेंटमध्ये ४.१ टक्के, शस्त्रक्रियेत २.३ टक्के, हृदयविकाराचा झटका स्टेंटमध्ये १.१ टक्का, शस्त्रक्रियेत २.३ टक्के. पक्षाघात टाळण्यासाठी केलेल्या उपचारात पक्षाघात जवळजवळ दुप्पट, आणि तरीही बरोबरी! हृदयाचा झटका क्षुल्लक नाही हे खरेच. पण वर्षभरानंतर रुग्णांच्या जीवनमानाची विचारपूस केली तेव्हा पक्षाघाताने, अगदी सौम्य पक्षाघातानेही, आयुष्य अधिक खच्ची केल्याचे आढळले.

सर्व चाचण्यांचे आकडे एकत्र केल्यावर आज काय म्हणता येते? पहिला महिना पार पडला की पुढे दोन्ही उपचार सारखेच टिकाऊ आहेत. सगळा फरक त्या पहिल्या महिन्याचा आहे आणि तो वयावर अवलंबून आहे. सत्तरीच्या आत स्टेंट व शस्त्रक्रिया यांत फारसे अंतर नाही. सत्तरीनंतर स्टेंटचा धोका वाढतो, कारण वृद्धांच्या वेड्यावाकड्या, कडक झालेल्या धमन्यांतून नळी वर नेतानाच कण सुटतात. म्हणजे म्हाताऱ्या माणसाला शस्त्रक्रिया झेपणार नाही, त्याला स्टेंटच बरा, हा व्यवहारातील समज पुराव्याच्या नेमका उलट आहे. ज्यांच्या मानेवर पूर्वी किरणोपचार झाला आहे, किंवा अरुंद भाग सुरीच्या टप्प्याबाहेर आहे, त्यांच्यासाठी स्टेंट हा खरा आधार आहे. दोन्ही साधनांना जागा आहे. प्रश्न जागा कोण नेमून देतो याचा आहे.

या सर्व वादात तिसरा मार्ग बराच काळ उपेक्षित राहिला : औषधे. अ‍ॅस्पिरिन, रक्तातील मेद उतरवणारी स्टॅटिन, रक्तदाबाच्या गोळ्या आणि तंबाखू सोडणे. यांतील बहुतेक औषधांचे एकाधिकार केव्हाच संपले आहेत. त्यांच्यासाठी पंचतारांकित परिषदा भरत नाहीत. ऑक्सफर्डमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले की क्षणिक झटका येऊन गेलेल्या रुग्णाला त्वरित तपासून लगेच ही साधी औषधे सुरू केली, तर नव्वद दिवसांतील पुन्हा पक्षाघात येण्याचे प्रमाण १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर येते. येथे नवे यंत्र कोणते आले? कोणतेच नाही. फक्त प्रतीक्षा संपवली गेली.

येथे एक इशारा आवश्यक आहे. औषधे स्वस्त आणि सार्वजनिक, म्हणून तीच नेहमी श्रेष्ठ, असे म्हणण्याचा मोह समाजवाद्याला होणे स्वाभाविक आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतील सरकारी निधीवरच्या दोन जोड-चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लक्षणे नसलेल्या, परंतु धमनी ७० टक्क्यांहून अधिक अरुंद असलेल्या रुग्णांना उत्तम औषधोपचार दिला. एका चाचणीत अर्ध्यांना त्याखेरीज स्टेंट, दुसरीत अर्ध्यांना शस्त्रक्रिया. चार वर्षांत स्टेंटच्या चाचणीत प्रमाण ६.० टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले; शस्त्रक्रियेच्या चाचणीत ५.३ वरून ३.७ वर, आणि हा दुसरा फरक निर्णायक मानता आला नाही. अनेकांची अपेक्षा याउलट होती. म्हणजे निवडक हातांनी, निवडक रुग्णांत बसवलेल्या स्टेंटने लाभ दिला. तो नाकारणे अवैज्ञानिक ठरेल. पण तोच आकडा दुसऱ्या बाजूनेही वाचावा लागतो : केवळ औषधांवर असलेल्या शंभरांपैकी चौऱ्याण्णव जण चार वर्षे सुखरूप राहिले, आणि स्टेंटने शंभरात सुमारे तिघांचा लाभ झाला. हे आकडे रुग्णापुढे ठेवून निर्णय त्याच्यावर सोपवणे हा विज्ञानाचा मार्ग. 'मानेत टाइमबॉम्ब आहे' असे सांगून त्याच दिवशी सही घेणे हा बाजाराचा मार्ग.

आता भारताकडे वळू. येथील परिस्थितीत तीन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली, आशियाई लोकांत पक्षाघाताचे कारण मानेतील धमनीपेक्षा कवटीच्या आतील धमन्यांच्या रोगात सापडण्याचे प्रमाण पाश्चात्त्यांहून अधिक आहे. तेव्हा तेथील आकडे जसेच्या तसे उचलता येत नाहीत. दुसरी, हृदयविकारासाठी उभारलेल्या कॅथ-लॅबमध्ये खाजगी रुग्णालयांचे मोठे भांडवल गुंतले आहे. यंत्र रिकामे राहिले तरी कर्जाचे व्याज चालूच राहते. म्हणून यंत्राला काम पुरवणे ही रुग्णालयाची आर्थिक गरज बनते. मान उघडणाऱ्या कुशल शल्यवैद्याला असे कोणते भांडवल ढकलत नाही. तिसरी गोष्ट किमतीची.

हृदयधमनीच्या स्टेंटच्या बाबतीत काय घडले ते साथींना आठवत असेल. दिल्ली उच्च न्यायालयातील जनहित याचिकेनंतर हे स्टेंट अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने साध्या स्टेंटला ७,२६० रुपये व औषधलेपित स्टेंटला २९,६०० रुपये अशी कमाल किंमत ठरवली. त्यापूर्वी औषधलेपित स्टेंटसाठी रुग्णांना लाखाच्या घरात व त्याहून अधिक रक्कम मोजावी लागत होती. उत्पादकापासून रुग्णालयापर्यंत प्रत्येक पायरीवर अवाजवी नफा चढवला जातो, हे प्राधिकरणानेच नमूद केले. परंतु तो आदेश हृदयधमनीच्या स्टेंटपुरता होता. मानेतील धमनीचा स्टेंट आणि त्यासोबत लागणारी कण अडवणारी गाळणी त्याच्या कक्षेत नव्हती. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांच्या व्याख्येत आली आणि त्यांची किंमत वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवण्यास बंदी झाली. पण मुळातली किंमतच अवाजवी असेल तर तिच्या वाढीवरील बंधनाने रुग्णाच्या पदरात काय पडते?

म्हणून या प्रश्नावर ठोस मागण्या घेऊन उभे राहणे आवश्यक आहे.

पहिली मागणी वेळेची. पूर्वसूचनेचा झटका येऊन गेल्यावर शस्त्रक्रियेचा लाभ दिवसागणिक ओसरतो. १९९१ च्या चाचण्यांचे पुनर्विश्लेषण २००४ मध्ये झाले, तेव्हा दोन आठवड्यांत शस्त्रक्रिया केल्यास पाचांमागे एक पक्षाघात टळतो, तर बारा आठवड्यांनंतर केल्यास एकशे पंचवीसांमागे एक, असे आढळले. सरकारी रुग्णालयातील तारखांवर तारखा याच पंचवीसपट फरकाची किंमत रुग्णाकडून वसूल करतात. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात अशा रुग्णाची मानेची डॉप्लर सोनोग्राफी त्याच दिवशी झाली पाहिजे आणि औषधे त्याच दिवशी हाती पडली पाहिजेत.

दुसरी मागणी हिशेबाची. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय रक्तवाहिनी-नोंदवही आहे. कोणत्या रुग्णालयात या शस्त्रक्रियेनंतर किती जणांना पक्षाघात आला, किती दगावले, लक्षणापासून शस्त्रक्रियेपर्यंत किती दिवस लागले, हे तेथे प्रसिद्ध होते. येथेही सरकारी विमा योजनांतून पैसे घेणाऱ्या प्रत्येक रुग्णालयावर तीस दिवसांच्या परिणामांची नोंद बंधनकारक करावी, आणि ती उपचार करणाऱ्याने नव्हे तर स्वतंत्र मज्जातंतुतज्ज्ञाने तपासावी. जनतेचा पैसा जेथे जातो तेथे जनतेचा हिशेबही गेला पाहिजे.

तिसरी मागणी किमतीची. मानेतील धमनीचे स्टेंट व त्यांची जोडउपकरणे कमाल किमतीच्या कक्षेत आणावीत.

चौथी मागणी संशोधनाची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशात पक्षाघात-चाचण्यांचे जाळे उभे राहिले आहे. त्याने ३१ केंद्रांत चार हजारांहून अधिक रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध केले. रुग्णांना दिलेल्या शिक्षण-साहित्याने अपेक्षित लाभ झाला नाही, असा तो निष्कर्ष होता, आणि तो दडपला गेला नाही हे विशेष. विक्रेत्याच्या पैशाने चालणाऱ्या चाचणीत नकाराला एवढा मान क्वचितच मिळतो. याच जाळ्याने शस्त्रक्रिया, स्टेंट आणि औषधे यांची भारतीय रुग्णांत तुलना करावी.

कायदे आणि योजना होईपर्यंत कार्यकर्त्याने हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. वस्तीतल्या सभेत चार लक्षणे सांगता येतात : अचानक एक हात वा पाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, एका डोळ्यापुढे पडदा आल्यासारखा अंधार होणे. ही लक्षणे दहा मिनिटांत गेली तरी ती गेली असे समजू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आणि उपचाराचा सल्ला मिळाल्यावर रुग्णाच्या बाजूने तीन प्रश्न निर्भयपणे विचारावेत : केवळ औषधे घेतली तर धोका किती? तुमच्या हातून झालेल्या शेवटच्या शंभर उपचारांत किती जणांना महिन्याभरात पक्षाघात आला? दुसरा पर्याय या रुग्णाला का चालणार नाही? प्रामाणिक डॉक्टर या प्रश्नांचे स्वागतच करील. ज्याला हे प्रश्न उद्धटपणाचे वाटतील, त्याच्याकडून दुसऱ्या डॉक्टरकडे जाण्याचा हक्क रुग्णाला आहे, आणि तो बजावताना कार्यकर्त्याने त्याच्या सोबत असावे.

शस्त्रक्रिया की स्टेंट, याचे उत्तर रुग्णागणिक बदलेल. उद्या आणखी एखादे साधन येईल आणि तेही हिशेबाआधीच बाजारात उतरेल. ते उतरण्यापूर्वी मोजमाप सार्वजनिक असले पाहिजे, यासाठीचा लढा मात्र आजच उभा करावा लागेल.